कुरणशाळेनंतर कोणती शाळा? डहाणू-तलासरीचा इतिहास आणि आपली दहावी

'करून शिकणे', 'प्रकल्पातून शिक्षण', 'अनुभवावर आधारित शाळा' हे शब्द 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर जिकडेतिकडे ऐकू येतात. शहरांत छोट्या, स्वतंत्र माध्यमिक शाळा निघाल्या आहेत. वर्गात मोजकी मुले, घोकंपट्टी नाही, वर्षभर दोन-तीन मोठे प्रकल्प आणि त्यातूनच गणित, विज्ञान, भाषा. अशा शाळांत वारली चित्रकलेवरही प्रकल्प होतात. ही कला जगभर नेणारे जिव्या सोमा मशे डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे. त्याच तालुक्यातल्या वारली घरातले पोर मात्र नववीत गळते आणि त्याच्या गळण्यावर कुणी प्रकल्प करत नाही.

या शाळांबद्दल चळवळीतल्या तरुणांची दोन मते ऐकू येतात. काहींना वाटते, हीच खरी शाळा, आपल्या वस्तीतही अशीच हवी. काहींना वाटते, हे भरल्या पोटाचे चोचले आहेत. ज्यांच्या आजोबांच्या हातातला विळा-कोयता आत्ता कुठे सुटला, त्यांच्या नातवांच्या हाती तो 'प्रकल्प' म्हणून पुन्हा द्यायचा डाव आहे. दोन्ही मतांत तथ्य आहे, पण दोन्हीकडे एक गोष्ट सुटते. ज्या घरातून मूल शाळेत यायचे, त्या घराचा हिशेब कुणी मांडत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे. काम करता करता शिकवणारी शाळा ही आपल्याला परकी कल्पना नाही, ती जोतीराव फुल्यांची मागणी आहे. पण ती शाळा मुलाला मॅट्रिकच्या दारापलीकडे नेते की अलीकडेच सोडून देते, ही कसोटी बाबासाहेबांची आहे. मागणी आणि कसोटी दोन्ही हातात धरून डहाणू-तलासरीचा इतिहास वाचला, तर आज कोणती शाळा मागायची हे स्पष्ट होते.

फुल्यांची मागणी, 1882

हंटर आयोगापुढे 19 ऑक्टोबर 1882 रोजी जोतीरावांनी निवेदन दिले. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करा, ही त्यातली मागणी सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच निवेदनात शिक्षक कसा असावा हेही त्यांनी सांगितले. तो शक्यतो शेतकरी समाजातला असावा, लोकांत मिसळणारा असावा आणि वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला त्याने लाजू नये. अभ्यासक्रमात शेतीची व आरोग्याची प्राथमिक माहिती हवी, आणि जमेल तिथे शाळेला प्रयोगाची छोटी शेती जोडावी, असेही त्यांनी सुचवले.

म्हणजे गांधीजींच्या 'नयी तालीम'च्या 55 वर्षे आधी कष्टकऱ्यांच्या बाजूने ही मागणी झाली होती. शिवाय फुले शेती शिकवा म्हणाले ते शेतकऱ्याच्या पोराने शेतकरीच राहावे म्हणून नव्हे. सरकारी खजिन्यात पैसा भरतो शेतकरी आणि त्या पैशावर उच्च शिक्षण घेतात भट-ब्राह्मणांची मुले, ही लूट त्यांनी त्याच निवेदनात मांडली होती. पाटीवरचे अक्षर आणि हातातले काम यांतली भिंत त्यांना पाडायची होती, आणि ती पाडताना शिक्षणावरचा आपला हक्क त्यांनी तसूभरही कमी केला नव्हता.

बाबासाहेबांची कसोटी : शंभरातले ब्याऐंशी

12 मार्च 1927 रोजी मुंबई विधिमंडळात बाबासाहेब शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. त्या भाषणातला एक आकडा प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावा असा आहे. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ अठरा चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात, असे त्यांनी दाखवून दिले. मूल शाळेत घातले म्हणजे काम झाले असे मानणाऱ्यांना हे उत्तर होते. टिकले नाही तर केलेला खर्च पाण्यात जातो. पटावर नाव किती, यापेक्षा शेवटपर्यंत किती पोहोचले, हा बाबासाहेबांचा प्रश्न होता.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना ते वसतिगृहाकडे वळले. बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 मध्ये सोलापूरला वसतिगृह काढले. 1928 मध्ये त्यांच्या पुढाकाराने माध्यमिक शाळेत शिकणाऱ्या अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी पाच वसतिगृहांची योजना मंजूर झाली : पनवेल, ठाणे, नाशिक, पुणे आणि धारवाड. यादीतले ठाणे हे नाव नीट पाहा. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा झाला तो 1 ऑगस्ट 2014 ला. हायस्कूल असते तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या गावी आणि आपली माणसे असतात वस्तीत. मधले अंतर कोसांचे असतेच, शिवाय जेवणाचे, भाड्याचे आणि विटाळाचेही असते. ते अंतर तोडल्याशिवाय हायस्कूल हा शब्द आपल्यासाठी निरर्थक आहे, हे बाबासाहेबांनी ओळखले होते.

त्याच वर्षी सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीच्या चौकशीसाठी स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते, ठक्कर बाप्पाही होते. समितीचा अहवाल 1930 मध्ये आला. आदिवासींचा प्रश्न आंबेडकरी चळवळीच्या बाहेरचा आहे असे म्हणणाऱ्यांनी हा संदर्भ लक्षात ठेवावा.

1945 : एका वर्षातल्या तीन घटना

आता डहाणू-तलासरीकडे येऊ. 1945 या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या. त्या वेगवेगळ्या पुस्तकांत वाचायला मिळतात, म्हणून त्यांचा परस्परसंबंध आपल्या ध्यानात येत नाही.

पहिली, वारल्यांचा उठाव. सावकार-जमीनदारांची वेठ आणि 'लग्नगडी' पद्धत इथे मुरलेली होती. लग्नासाठी कर्ज काढायचे आणि ते फेडायला नवराबायकोने मालकाच्या घरी राबायचे. व्याज कधी संपत नसे आणि गडीपण पिढीला चिकटे. सिमिंग्टन या इंग्रज अधिकाऱ्याने 1939 च्या सरकारी अहवालात या पिळवणुकीची नोंद केली होती. मे 1945 मध्ये झरी येथे गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या पुढाकाराने वारल्यांची परिषद झाली आणि वेठ-लग्नगडी झुगारण्याचा निर्धार झाला. पुढे गवतकापणीच्या मजुरीचा लढा पेटला. 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण शहीद झाले.

दुसरी, त्याच वर्षी 8 जुलैला बाबासाहेबांनी मुंबईत पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. पुढच्या जूनमध्ये सिद्धार्थ महाविद्यालय उघडले. ज्यांना शाळेच्या ओट्यावर बसू दिले जात नव्हते, त्यांच्या नेत्याने थेट महाविद्यालय काढले.

तिसरी, त्याच 1945 मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळच्या बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले.

एकीकडे जमीन आणि मजुरीचा लढा, दुसरीकडे उच्च शिक्षणाची चढाई, तिसरीकडे पाड्यातल्या चिमुकल्यांची शाळा. हे तीन प्रवाह एकत्र यायला हवे होते. ते आले नाहीत, आणि माझ्या मते डहाणू-तलासरीतल्या शिक्षणाचे दुखणे तिथूनच सुरू होते.

कोसबाडला घराचा हिशेब कळला

ताराबाई आणि अनुताईंच्या कामाला 'समाजसेवा' म्हणून एका वाक्यात निकालात काढणे अन्यायाचे होईल. त्यांनी जे पाहिले ते शिक्षण खात्याला दिसले नव्हते. वारली आईबाप मूल शाळेत का पाठवत नाहीत? खात्याचे ठरलेले उत्तर होते : अज्ञान. कोसबाडने घरात डोकावून पाहिले. सात-आठ वर्षांची पोरगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड आहे आणि आई मजुरीला गेली आहे. दहा वर्षांचा पोरगा येत नाही, कारण गुरे त्याच्या हवाली आहेत. ही पोरे रिकामी नव्हती. घर त्यांच्या कामावर उभे होते.

मग शाळेनेच आपला आकार बदलला. कडेवरच्या भावंडासाठी पाळणाघर आणि बालवाडी प्राथमिक शाळेला जोडली. या एकत्रित रचनेला 'विकासवाडी' नाव मिळाले. ताई शाळेत बसली की धाकटे शेजारच्या खोलीत. गुराख्यांसाठी 'कुरणशाळा' निघाली : गुरे चरत आहेत तिथे शिक्षकाने जायचे आणि झाडाखाली शिकवायचे. जी मुले शाळेपर्यंत येत नाहीत त्यांच्या अंगणात शाळा भरवायची, ती 'अंगणवाडी'. 1975 मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली आणि हा शब्द देशभर गेला. साधने महागडी नव्हती. पाने, बिया, खडे, शिंपले, माती, जे आजूबाजूला आहे त्यातूनच मोजणी आणि भाषा शिकवायची.

शाळा घरासाठी चालते म्हणजे काय, याचे हे उत्तम उदाहरण आहे. मुलाला शाळेच्या साच्यात बसवण्याआधी शाळेने घराच्या दिवसात स्वतःची जागा शोधली. आजची कुठलीही छोटी प्रयोगशील शाळा या कसोटीवर तपासावी. आवणीच्या दिवसांत तिथे काय होते? दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर निघाले की मूल कुठे राहते? याचे उत्तर नसेल, तर भिंतीवर कितीही सुंदर तक्ते असोत, ती शाळा दुसऱ्या कुणाच्या तरी मुलांसाठी काढलेली आहे.

पण कुरणशाळेनंतर?

आता उलट बाजू. कुरणशाळेने गुराख्याला अक्षर दिले, पण त्याचे गुराखीपण हटवणे शाळेच्या हातात नव्हते. ते होते जमिनीच्या आणि मजुरीच्या लढ्याच्या हातात. कोसबाडच्या कामाचे मन बालवाडीत आणि प्राथमिक शाळेत होते. आणि बोर्डीत हायस्कूल नव्हते असे मुळीच नाही. गोखले एज्युकेशन सोसायटीचे तिथले हायस्कूल 1920 चे आहे. आचार्य भिसे यांच्यासारखे शिक्षक तिथे होते, त्यांनी आदिवासींसाठी कामही केले. म्हणजे ज्या गावात 1945 मध्ये बालकांसाठी प्रयोग सुरू झाला, त्या गावात मॅट्रिकची सोय 25 वर्षे आधीपासून होती. पाड्यापासून त्या इमारतीपर्यंतचा रस्ता वारली मुलासाठी कुणी बांधला नव्हता. बाबासाहेब ज्याला वसतिगृहाचा प्रश्न म्हणत होते, तो हाच.

'कामातून शिक्षण' या कल्पनेत दुसरा धोका आहे तो जातीचा. 1937 च्या वर्धा परिषदेतून नयी तालीम पुढे आली. सात वर्षांचे मोफत, सक्तीचे शिक्षण, मध्यभागी एक हस्तव्यवसाय, आणि मुलांनी बनवलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शाळेचा खर्च निघावा ही अपेक्षा. आजही आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळांच्या पाटीवर 'जीवन शिक्षण' हे शब्द दिसतात, ते त्याच काळाची खूण आहेत. प्रश्न साधा आहे. सूत कातणे वकिलाच्या मुलासाठी संस्कार असेल. ज्याचे आईबाप दिवसभर अंगमेहनतच करतात, त्याने शाळेतही आपल्या मेहनतीतून मास्तरचा पगार काढायचा?

मद्रासमध्ये 1953 साली हा धोका उघडा पडला. राजगोपालाचारींनी प्राथमिक शाळेचे तास कमी केले आणि उरलेल्या वेळात मुलाने आईबापांचा धंदा शिकावा अशी योजना आणली. न्हाव्याच्या पोराने वस्तरा, कुंभाराच्या पोराने चाक. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला 'कुलक्कल्वी', म्हणजे कुळाचे शिक्षण, म्हणून झोडपले. 1954 मध्ये राजाजींना पायउतार व्हावे लागले आणि कामराज सरकारने योजना मागे घेतली. ज्यांना प्रयोगशील शाळेबद्दल संशय वाटतो, त्यांचा संशय इथून येतो आणि तो रास्त आहे.

पण याच महाराष्ट्रात तिसरी वाटही होती. भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले. मुले शेतात राबत, स्वयंपाक करत, पण ते श्रम त्यांना पुढच्या इयत्तेत नेण्यासाठी होते. 1940 मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल उभे राहिले, मोफत आणि निवासी. तिथे सगळ्या जातींची पोरे एका पंगतीत बसून मॅट्रिकची तयारी करत. हाताला तेच काम असून एका शाळेत ते मुलाला जातीच्या धंद्याला जुंपते, तर दुसरीत मॅट्रिकपर्यंत पोहोचवते.

अलीकडचे प्रयोग

डहाणूतली ही परंपरा थांबलेली नाही. 1982 मध्ये अनुताई आणि प्रा. रमेश पानसे यांनी 'ग्राममंगल' स्थापन केली. डहाणू तालुक्यातल्या ऐने येथे तिने वारली मुलांसाठी मुक्तशाळा चालवली. 1983 मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सोडलेली ग्रामीण मुले तिथे वेल्डिंग, बांधकाम, शेती, विजेची कामे करत विज्ञान शिकू लागली. पाबळची खरी देणगी पुढची आहे. हेच काम त्यांनी गावच्या नेहमीच्या हायस्कुलात नेले. आठवी ते दहावीला आठवड्यातला एक दिवस प्रत्यक्ष कामाचा, आणि तो विषय राज्य मंडळाच्या परीक्षेत मान्य. मुलगा बांधकाम शिकतो, पण दहावीच्या गुणपत्रिकेत त्याची नोंद होते आणि अकरावीचे दार बंद होत नाही.

तलासरीत दुसरी परंपरा आहे. लाल बावट्याच्या लढ्यातून आदिवासी प्रगती मंडळ उभे राहिले आणि त्याच्या वसतिगृह, शाळा, महाविद्यालयाची सोय तलासरीतच झाली. तिथे शिकवण्याची पद्धत प्रयोगशील असो वा नसो, जमिनीसाठी लढलेल्या माणसांना आपल्या मुलांसाठी दाराशी महाविद्यालय हवे होते, हे महत्त्वाचे आहे.

पाड्यावरचे चार प्रश्न

कामानिमित्त पाड्यावर पालकांसोबत बसते, तेव्हा शाळेबद्दल फिरून फिरून चार प्रश्न येतात. छोट्या स्वतंत्र शाळांच्या माहितीपत्रकात त्यांची उत्तरे क्वचितच असतात.

पहिला, दाखला मिळेल का? शहरी पालकाला शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे एक कागद. आपल्याला आणि आदिवासींना तो पिढ्यांचा पुरावा आहे. जात पडताळणीत अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 आणि अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950 या तारखांपूर्वीचे वास्तव्य आणि जात सिद्ध करावी लागते, आणि त्यात शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा सगळ्यात वजनदार. ज्यांच्या आजोबांनी शाळाच पाहिली नाही, त्यांचे हाल विचारू नका. आज शाळेत जाणाऱ्या पहिल्या पिढीची नोंद ही पुढच्या सगळ्या पिढ्यांची मिळकत आहे. मान्यता नसलेल्या शाळेच्या वहीतली नोंद तिथे कितपत टिकणार?

दुसरा, दहावीला बसता येईल का? शिक्षण हक्क कायदा 2009 चा, पण तो 6 ते 14 वयापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंतच. नववी-दहावी त्याच्या बाहेर आहे. खासगी शाळांतला 25 टक्के राखीव प्रवेशही आठवीला संपतो. जिथे गळती जीवघेणी होते तिथेच कायदा हात काढून घेतो. मान्यता नसलेली शाळा मुलांना 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवते. शिकलेल्या घराला हे चालते, कारण पोर नापास झाले तर घरात शिकवणारे असते. आमच्याकडे एकच संधी असते.

तिसरा, शिष्यवृत्ती आणि वसतिगृह मिळेल का? 1944 मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात असताना अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. नावच सांगते, ती मॅट्रिकनंतर मिळते. दार न ओलांडणाऱ्याला ती नाही.

चौथा प्रश्न बहुतेक आया विचारतात : आम्ही कामाला गेलो की पोरीकडे कोण पाहणार? दिवाळीनंतर माणसे वीटभट्ट्यांवर जातात, तरुण मासेमारीच्या बोटींवर खलाशी म्हणून गुजरातच्या किनाऱ्याला जातात, कुणी वापी-उंबरगावच्या कारखान्यांत जातात. 1945 नंतर कोसबाडला जो प्रश्न दिसला, तोच आज स्थलांतराच्या रूपात उभा आहे. फक्त कडेवरच्या भावंडाच्या जागी वयात आलेल्या मुलीची सुरक्षितता आली आहे, आणि तिला कुरणशाळा पुरणार नाही.

मग आपण काय मागायचे?

प्रकल्पातून शिकवणाऱ्या शाळेला विरोध करू नका. आठवीत आलेल्या पोराला नीट वाचता येत नाही, ही आपल्या सरकारी आणि आश्रमशाळांची कहाणी कुणापासून लपलेली नाही. भातशेतीच्या हिशेबातून गणित आणि मजुरीच्या हजेरीपत्रकातून टक्केवारी शिकवणारा शिक्षक आपल्याला हवाच आहे. वनहक्काच्या दाव्याचा नकाशा मोजताना भूमिती शिकलेली मुलगी उद्या तलाठ्यासमोर गप्प बसणार नाही. हाच फुल्यांचा वारसा आहे.

पण अशी शाळा निघाली की कार्यकर्त्यांनी तिथे जाऊन पाच गोष्टी विचाराव्यात. मान्यता आणि जनरल रजिस्टर आहे का? दहावी नियमित विद्यार्थी म्हणून होते का? स्थलांतराच्या महिन्यांत राहण्याची सोय, विशेषतः मुलींसाठी, आहे का? शिक्षकांत आणि व्यवस्थापनात आदिवासी, बौद्ध, बहुजन माणसे किती? आणि शेवटचा, बाबासाहेबांचा प्रश्न : पाचवीत आलेल्या शंभरांपैकी दहावी किती झाली?

याच पाच गोष्टी सरकारलाही विचाराव्यात, कारण चांगली शाळा ही कुणा ताईच्या किंवा सरांच्या चांगुलपणावर सोडण्याची बाब नाही. संविधानाच्या 46 व्या कलमाने अनुसूचित जाती-जमातींच्या शैक्षणिक हिताची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. पंधरा-वीस मुलांचा वर्ग आणि हाताला काम हे चांगले शिक्षण असेल, तर ते तलासरीच्या जिल्हा परिषद शाळेत आणि डहाणूच्या आश्रमशाळेत का नको? शिक्षण हक्क बारावीपर्यंत का नको?

1945 मध्ये या मातीत तीन प्रवाह वेगवेगळे वाहिले. तलवाड्याच्या शहीदांनी मजुरीचा हक्क मागितला, कोसबाडने शाळा अंगणात नेली, बाबासाहेबांनी महाविद्यालयाचे दार उघडले. त्यांना एकत्र आणण्याचे काम कुठलीही संस्था आपल्यासाठी करणार नाही. ते पाड्या-वस्त्यांतल्या शाळा व्यवस्थापन समितीत बसून, वसतिगृहाच्या यादीत आपल्या मुलीचे नाव घालून आणि दहावीच्या निकालाच्या दिवशी गळालेल्यांची नावे मोजून आपल्यालाच करावे लागेल.

जय भीम! जोहार!